गोलमागचे आबा

मैदानावर सत्य लपत नाही, असं बक्षीस समारंभात दर वर्षी एक तरी पाहुणा म्हणतो. आमच्या मैदानावर ते खरोखरच लपायचं नाही, कारण ते गोलखांबामागे उभं असायचं. अंगात पांढरा सदरा, त्यावर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग, पायात टायरच्या चपला. गोल झाला की नाही यावरून रण पेटलं की सगळे त्याच्याकडे वळायचे. मग ते सत्य आपल्या गळ्याची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरायचं आणि म्हणायचं, "मी दखेल शे."

म्हणजे, मी पाहिलेलं आहे. वाद तिथे संपायचा.

सगळे त्यांना आबा म्हणत. तिशीतही आबाच म्हणत. मूळचे भडगावकडचे, कामाला जळगावात, एका केळीच्या वखारीत. आलेल्या मालातला कुठला घड उद्या पिकेल आणि कुठला चार दिवस थांबेल हे ते दारातून नुसतं बघून सांगायचे. मालकांना त्यांच्या डोळ्यांचा उपयोग एवढाच माहीत होता. बाकीचा उपयोग आम्ही केला.

खानदेशात फुटबॉल होता म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात. होता. जळगाव आणि धुळे यांच्यात वर्षाला एक सामना व्हायचा, एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे. खेळ बेताचाच असे. पण मारामारी चांगली व्हायची आणि लोक तिच्यासाठीच यायचे. रावेरकडून केळी आणून खाली केलेले ट्रक असायचे, त्यात साठ-सत्तर जण उभे राहून आम्ही धुळ्याला जायचो. संघाचा रंग पांढरा, म्हणून सगळे पांढरे सदरे घालून. केळीचा चीक कपड्याला लागला की तो कपड्याबरोबरच जातो, हे जळगावातल्या पोरालाही कळतं. तरी दर वेळी आम्ही पांढरेच सदरे घालून त्याच ट्रकात चढायचो. धुळ्यात उतरल्यावर आम्हाला ओळखायला कुणाला कष्ट पडायचे नाहीत. बाजारात पाणी प्यायला गेलेला माणूस पाठीवरच्या डागांवरून मार खायचा.

"केळ्याले हाड नही," असं ते ओरडायचे. त्यांच्या जिल्ह्यात मिरचीचा मोठा बाजार, म्हणून आम्ही त्यांना मिरच्या म्हणायचो, आणि मिरची फक्त बाजारात झोंबते, असं उलट ओरडायचो. यापेक्षा बरं काही दोन्हीकडे कुणाला सुचलं नाही.

त्या वेळच्या समर्थकांपैकी जे उरलेत ते हल्ली संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर बसतात. तुम्ही त्या बाजूने गेलात तर तुम्हालाही ऐकायला मिळेल. काय दिवस होते, म्हणतात. त्यांनी पाडलेल्या दातांची संख्या दर वर्षी वाढते. गंमत अशी की कट्ट्यावर मारणारेच भेटतात. मार खाल्लेला माणूस आठवणी सांगायला येत नाही.

मी गुणलेखक होतो. अक्षर चांगलं एवढीच माझी पात्रता. मैदानाच्या कडेला शाळेतून आणलेलं एक टेबल, त्यावर वही, आणि टेबलाखाली मी. हे शेवटचं उत्तरार्धात.

गोलला जाळी नव्हती. वरच्या आडव्या दांडीऐवजी सुंभाचा दोर बांधलेला. चेंडू दोराखालून गेला की वरून, खांबाच्या आतून गेला की बाहेरून, हे सांगायला प्रत्येक गावाने आपला एक माणूस गोलमागे उभा करायचा, अशी पद्धत होती. दोघेही आपापल्या गावाला सोयीचं पाहायचे, त्यामुळे पद्धतीचा उपयोग शून्य होता. एकदा जळगावात शेवटच्या मिनिटाला आमच्या पोराने चेंडू मारला. अख्खं मैदान नाचायला लागलं. पंचाने आबांकडे पाहिलं. आबांनी गळ्याला चिमटा घेतला.

"दोरवरतीन गया. मी दखेल शे."

आम्ही हरलो. त्या संध्याकाळी आबांना धुळेकरांनी हात लावला नाही. मारलं ते आपल्याच लोकांनी, आणि समोरचा एक दात गेला. पुढच्या वर्षी धुळ्याने आपला साक्षीदार पाठवलाच नाही. त्यांचा कप्तान म्हणाला, "तुमचा आबा पुरे आम्हाला."

तेव्हापासून दोन्ही गोलांमागे एकटे आबा. चेंडू इकडे आला की इकडे, तिकडे गेला की पायजमा वर धरून कडेकडेने तिकडे. खेळाडूंपेक्षा जास्त धावायचे. विश्रांतीच्या वेळी लिंबाच्या फोडी वाटल्या जायच्या तेव्हा एक फोड दोन्ही संघ त्यांच्यासाठी ठेवायचे. सन्मान म्हणून त्यांना आयुष्यात मिळालेली खरी वस्तू ही एवढीच, असं माझं मत आहे. पुढे शाली मिळाल्या.

आता त्या सामन्याकडे यायला हवं.

सामना जळगावात होता. धुळ्याचा एक गोल झालेला. उत्तरार्धात आमची पोरं त्यांच्या गोलवर चढून खेळत होती आणि त्यांचा गोलकीपर एकही चेंडू आत जाऊ देत नव्हता. विशीतला, उंच, शांत मुलगा. पोलिसात खेळाडू म्हणून त्याची निवड झाली होती, महिन्याभरात रुजू व्हायचा होता. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण यंत्रमागावर मजुरी करणाऱ्या त्याच्या बापाने ते दोन्ही जिल्ह्यांत सांगितलं होतं.

मैदानाच्या कोपऱ्यावर एक रिकामा ट्रक लावलेला होता. वखारवाल्यांचा धाकटा मुलगा त्याच्या टपावर उभा होता. म्हणजे आबांच्या मालकांचा मुलगा. त्याला सगळे भाऊ म्हणत. पैजा, शिव्या आणि दगड या तिन्हींत तो पुढे असायचा.

मी टेबलाखाली होतो, त्यामुळे दगड मी पाहिला नाही. आवाज ऐकला. गोलकीपरने तोंड वाचवायला हात वर केला होता आणि दगड मनगटावर बसला. तो खाली बसला, मग आडवा झाला. मग दोन्हीकडचे लोक आत घुसले, काठ्या निघाल्या, पोलीस आले. सामना तिथेच थांबला. पण गोलकीपर त्या मारामारीत नव्हताच. तो गोलमध्ये मनगट धरून पडलेला होता आणि आबा त्याच्या डोक्याशी बसून त्याला वारा घालत होते.

आमच्याकडे आणखी एक पद्धत होती. कितीही डोकी फुटली तरी यजमानांनी पाहुण्या संघाला जेवू घातल्याशिवाय परत पाठवायचं नाही. जळगावात हे जेवण म्हणजे वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी. त्या दिवशीही शाळेच्या पटांगणात पंगत बसली. पट्ट्या बांधलेले लोक समोरासमोर बसले होते. भरीत वाढलं गेलं. तेवढ्यात धुळ्याचा कप्तान उठून उभा राहिला.

"दगड कोनी मारा, ते सांगा. मंग जेवू."

 कप्तान आबांकडे वळला. "आबा, तुम्ही मागेच होते. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणशाल ते आम्हाला मान्य."

आबा भरताची बादली घेऊन वाढत होते. त्यांनी बादली खाली ठेवली. भाऊ दोन पानं सोडून बसला होता आणि पुरीचा तुकडा मोडत होता. आबांचा हात गळ्याकडे गेला. तिथे थोडा वेळ थांबला. मग हात सदऱ्याची कॉलर सारखी करून खाली आला.

"मी दखेल नही," आबा म्हणाले. "मन्हं ध्यान चेंडूवर व्हतं."

धुळ्याचे सगळे लोक उठले. भरल्या पानांवरून उठले आणि एसटी स्टँडकडे चालत गेले. ते भरीत आम्हाला दोन दिवस पुरलं. त्यानंतर जळगाव-धुळे सामना कधीच झाला नाही.

अहवाल मी लिहिला. "दोन्ही बाजूंच्या समर्थकांत झटापट, धुळ्याच्या गोलरक्षकास दुखापत." सुवाच्य अक्षरात, योग्य जागी स्वल्पविराम देऊन. वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. आमच्या क्रीडा मंडळाने तो कागद पोलिसांच्या चौकशीला दिला. दगड कुणी पाहिलाच नव्हता, त्यामुळे वाचणाऱ्याने त्या वाक्याचा जो अर्थ निघतो तो काढला. मारामारीत सामील असलेल्या मुलाला पोलिसात कोण घेणार. मनगट पुढे बऱ्यापैकी जुळलं. नोकरी नाही जुळली.

त्यानंतर आबांनी गळ्याला चिमटा घेणं सोडलं. गावातल्या सामन्यांना ते यायचे, गोलमागे उभेही राहायचे, पण विचारलं तर नुसतं "हा" किंवा "नही". त्यांचं वाक्य मात्र गावाने उचललं. बाजारात वांगी घेताना बाया विचारायच्या, ताजी आहेत ना, आणि भाजीवाला गळा धरून म्हणायचा, "मी दखेल शे." लग्नात मुलाकडचे मुलाच्या पगाराबद्दल तेच म्हणायचे. वाक्य लोकप्रिय होत गेलं आणि त्याच्या मालकाने ते वापरणं बंद केलं होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आबा त्याच वखारीत राहिले, म्हातारे होईपर्यंत. भाऊ आधी वखारीचे मालक झाले, मग मंडळाचे अध्यक्ष, मग इतर बऱ्याच गोष्टींचे अध्यक्ष.

गेल्या वर्षी मंडळाने सुवर्णमहोत्सव करायचं ठरवलं. स्मरणिका काढायचं ठरलं आणि संपादक म्हणून मला धरलं. मी निवृत्त मराठी शिक्षक, अक्षर अजून चांगलं. जुन्या दोन्ही संघांचा सत्कार होणार होता, धुळ्याच्यासुद्धा. ही बातमी पसरली आणि एका दुपारी आबा माझ्या दारात आले. चालायला काठी, पण डोळे तसेच.

पाणी प्यायले. मग म्हणाले, "मास्तर, त्या पुस्तकमा एक ओळ टाकनी शे."

"कुठली?"

"दगड कोनी मारा ते."

 आबांनी कित्येक वर्षांनी गळ्याला चिमटा घेतला. कातडी आता सैल झाली होती, चिमटीत पुष्कळ आली. "भाऊनी मारा. ट्रकवरतीन. मी दखेल शे."

मी म्हणालो, "आबा, हे मला कशाला सांगता? ज्याला लागला त्याला सांगा. तो आहे अजून धुळ्यात."

"एकला जावानी हिंमत नही," ते म्हणाले. "तुम्ही चाला."

आम्ही सकाळच्या एसटीने गेलो.  पारोळ्याला आबांनी भजी घेतली आणि खाल्ली नाहीत. धुळ्यात यंत्रमागांच्या गल्लीत घर सापडलं. गोलकीपर ओट्यावर बसला होता. आयुष्य मागावर गेलेलं, त्यामुळे कानांनी कमी ऐकणारा, पण बसल्यावरही उंच. उजवं मनगट अजून नीट वळत नव्हतं. कपाचा कान डाव्या हाताने धरायचा.

आबांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. मोठ्याने, दोनदा सांगावं लागलं. गल्लीतले दोन माग तेवढ्या वेळापुरते थांबले असते तर बरं झालं असतं.

गोलकीपरने ऐकून उजवं मनगट चोळलं. मग म्हणाला, "आबा, मी बी दखेल शे. मन्हा सामनेच व्हता ना तो. पन मन्हं कोन ऐकतं? मी धुयाना."

धुयाना म्हणजे धुळ्याचा, आणि धुळ्याच्या माणसाची साक्ष जळगावात चालत नसे.

"तुम्ही म्हनतात तर ऐकतंत," गोलकीपर म्हणाला. एवढंच. आवाज चढवला नाही.

आतून त्याची बायको चहा घेऊन आली होती. ती उभ्याउभ्या म्हणाली, "म्हणजे हे मारामारीत नव्हते?" तिने चहा ओट्यावर ठेवला. ती म्हणाली, "सासरे मरेपर्यंत यांना बोलायचे. मारामारी करून नोकरी घालवली म्हणून. मीही बोलले आहे. भांडण झालं की हमखास."

निघताना गोलकीपर मला म्हणाला, "मास्तर, नाव कोनंबी नका टाकू. मी गोलमा उभा व्हतो, इतलंच छापा. घरात दाखाडाले."

परतीच्या एसटीत आबांनी सकाळची भजी खाल्ली.

मी ओळ लिहिली. "त्या सामन्यात धुळ्याचे गोलरक्षक आपल्या जागी उभे असताना प्रेक्षकांतून आलेल्या दगडाने जखमी झाले, नंतरच्या झटापटीशी त्यांचा संबंध नव्हता." पुन्हा स्वल्पविराम योग्य जागी. अध्यक्षांनी, म्हणजे भाऊंनी, प्रुफं घरी मागवली आणि मलाही बोलावलं. ते तोंडाने गोड आहेत. "मास्तर, महोत्सवात दगडाचा विषय कशाला? तुम्ही काय, आम्ही काय, सगळे तेव्हा पोरं होतो." त्यांनी ती ओळ स्वतः खोडली नाही. लाल पेन माझ्या हातात दिलं. त्या जागी आता "काही अविस्मरणीय क्षण" असं छापलेलं आहे. मी प्रुफावर सही केली. आबांना सांगितलं नाही. समारंभ व्हायचा होता, नंतर सांगू, असं ठरवलं. असल्या वेळी माणसाला नंतर ही वेळ फार भरवशाची वाटते.

समारंभ मैदानावरच होता. मांडव, गालिचा, शंभर फेट्यांची ऑर्डर. धुळ्याचे सात-आठ जण आले होते. गोलकीपर बायकोला घेऊन आला होता. ती पहिल्या रांगेत बसली होती आणि स्मरणिका हातात पडल्यापासून पानं उलटत होती. पुढून मागे, मागून पुढे. नवरा वर खुर्चीत, खांद्यावर शाल. आबा त्याच्या शेजारी, तशीच शाल. आबांनी आपली प्रत उघडली, ते पान काढलं, बोट ठेवून वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी माइकची वायर बघत होतो.

निवेदकाने आबांचं नाव पुकारलं. "सत्याचे साक्षीदार" असं काहीसं म्हणाला. आबांना फक्त नारळ घ्यायचा होता. त्यांनी नारळ घेतला, खाली ठेवला आणि माइक धरला. दुसऱ्या हाताने गळ्याला चिमटा घेतला.

"मी दखेल शे," ते म्हणाले.

मांडव हसला आणि टाळ्या पडल्या. कट्ट्यावरचे सगळे उभे राहिले. आबा थांबले. टाळ्या ओसरल्यावर पुन्हा म्हणाले, "मी दखेल शे. तो दगड..." पुढचं कुणाला ऐकू आलं नाही, कारण पोरांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली होती आणि मागून कुणीतरी तेच वाक्य आबांच्या आवाजात म्हणून दाखवलं. आबा तिसऱ्यांदा म्हणाले. तोपर्यंत सगळा मांडवच तालावर म्हणत होता. गावातल्या सगळ्यात आवडत्या वाक्यापुढे गावाला दुसरं काही ऐकायचं नव्हतं. अध्यक्षांनी पुढे होऊन आबांना मिठी मारली. फोटो निघाला. त्यांचे डोळे पाणावलेले दिसतात. अध्यक्षांचे.

गोलकीपर उठला. शाल घडी घालून खुर्चीवर ठेवली, वळत नसलेल्या हाताने, त्यामुळे वेळ लागला. पायऱ्या उतरला, बायकोने पिशवी उचलली, आणि दोघं फाटकाकडे निघाली. आबा काठी टेकत त्यांच्या मागे गेले. फाटकाशी तिघं थोडा वेळ उभी होती. काय बोलली ते मला माहीत नाही. मी व्यासपीठावर होतो आणि आभार मानायचं काम माझ्याकडे होतं.

मांडवामागे भरीत-पुरीची पंगत होती. धुळ्याच्या बाकीच्या लोकांनी जेवण केलं. आबा परत आले नाहीत.

दिवाळीनंतर ते गेले. वखारीच्या मागच्या खोलीत, दुपारी, झोपेत. मी स्मरणिकेच्या एका प्रतीत त्या पानावर ती ओळ हाताने लिहिली, खाली सही केली आणि धुळ्याला पाठवली. पोहोचल्याचं काही कळलं नाही. छापलेल्या पुस्तकातली हाताने लिहिलेली ओळ घरात किती चालते, मला शंका आहे.

शोकसभेत अध्यक्ष बोलले. मैदानावर सत्य कधी लपत नाही, आबांनी ते आपल्याला शिकवलं, म्हणाले. त्यांनी स्वतःच्या खर्चाने आबांच्या स्मरणार्थ फलक जाहीर केला आणि महिन्यात लावलाही, पूर्वेकडच्या गोलमागे, आबा उभे राहायचे बरोबर त्या जागी. मोठा फलक आहे. आबांचा फोटो, खाली "सत्याचा साक्षीदार", आणि त्याहून थोड्या मोठ्या अक्षरांत देणगीदाराचं नाव.

फलकाचं तोंड रस्त्याकडे आहे. मैदानाकडून नुसता पत्रा दिसतो.